डोक्यानं मारलेला गोल मामाच्या नावे

आणि उदयसिंह मामा, "अमृतचं डोकं फिरलंय, त्याचं काय ऐकता" असं तुम्ही परवा परत आमच्या ओट्यावर बसून अण्णांना सांगितलंत. आईनं फोनवर कळवलं. तर हे मृत्युपत्र तिथूनच सुरू करतो. मी अमृत जोतीराम नवगिरे, वय तेवीस, आठवी नापास, राहणार होटगी, सध्या ओमान देशात सोहार बंदरावर माल उतरवायच्या कामाला, आज पूर्ण शुद्धीवर हाय. डोकं दुखतंय, पण दुखणं म्हणजे फिरणं न्हवं. कुणाची जबरदस्ती नाही, नशापाणी नाही. राग हाय. रागात लिहायला कायद्याची मनाई नाही, असं माझ्या खोलीतला मैंदर्गीचा मकदूम म्हणतो. तो गावी स्टँप विकणाऱ्याकडं कामाला होता.

गेल्या मंगळवारी शिडीवर चक्कर आली आणि पडलो. खाली गोण्या होत्या म्हणून वाचलो. दर वेळी गोण्या असतीलच असं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

१. माझी मोटारसायकल वडलांना, म्हणजे अण्णांना. मागचा ब्रेक लागत नाही, आधी तो बघा. अण्णा, मी तुमच्यावर जेवणाचं ताट फेकलं होतं. त्याची माफी हितंच मागतो, तोंडानं जमली नाही.

२. अकलूजच्या संघावर मारलेला गोल मामाच्या नावे करतो. सगळं गाव त्या गोलाचं बोलतं. मामाच्या भिंतीवर त्याचा फोटो हाय. मला मात्र तो आठवत नाही.

मला आठवतं ते त्याच्या आधीचं. कडुलिंबाला टांगलेला फुटबॉल, आणि रोज शंभर वेळा त्याला डोक्यानं मारायची, गावचा संघ तयार करणाऱ्या मामाची शिस्त. मग फायनल. अकलूजच्या डिफेंडरचं डोकं माझ्या कानशिलावर आदळलं आणि मी आडवा झालो. शुद्धीवर आलो तर नाकाला फोडलेला कांदा. आपल्याकडं फिट आलेल्याला हुंगवतात तसा. मामानं बोटं दाखवली, किती म्हणून विचारलं. मी तीन म्हणालो.

"चार हायत," मामा म्हणाले. "एक कमी दिसली म्हणून काय बिघडत न्हाय. गोलपोस्ट दिसतंय न्हवं? जा आत."

गेलो. तो गोल परत डोक्यानंच मारला म्हणे. रात्रभर ओकत होतो. आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, दृष्ट लागली म्हणून. महिन्यानं होटगी स्टेशनातनं घरचा रस्ता चुकलो. जन्मलो त्या गावात. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पहिल्याच माराला बाहेर बसवायला पाहिजे होतं, आता बॉलला डोकं लावायचं नाही. मामा म्हणाले, डॉक्टर भित्रा हाय.

म्हणून तो गोल मामांनीच ठेवून घ्यावा. माझ्याकडं त्यातली फक्त डोकेदुखी हाय.

३. शेतातला माझा वाटा बहीण संस्कृती हिला. अण्णा जिवंत असताना मला तो देता येतो का हे मकदूमलाही सांगता आलं नाही. तरी देतो. अट एकच.

आता मामा पोरींचा संघ खेळवतात. गेल्या रविवारी मॅचमध्ये संस्कृतीचं डोकं दुसऱ्या पोरीच्या डोक्यावर आपटलं. मामांनी कांदा हुंगवला आणि परत आत सोडली. सोमवारी मी फोन केला. तिनं विचारलं, दादा, जेवलास का? जेवलो म्हटलं, भात आणि मासा. पाच मिनिटांनी परत विचारलं, दादा, जेवलास का? आई मागं हसत होती, लई काळजी करती भावाची म्हणून. आई, ती काळजी न्हवती गं. मीपण असाच एकेक गोष्ट दोनदा विचारायचो, तेव्हाबी तू हसायचीस.

येत्या रविवारी फायनल हाय. डॉक्टर लिहून देत नाही तोवर संस्कृती मैदानात उतरणार नाही. उतरवली, तर माझा वाटा अकलूजच्या त्या डिफेंडरला द्यावा. मला आपटून तो दोन महिने अंथरुणात होता. त्याला निदान मैदानाबाहेर बसवला होता.

४. मी इकडं मेलो तर मला होटगीत आणावं. जाळायच्या आधी सोलापुरात डॉक्टरांनी डोकं उघडून बघावं आणि आत काय दिसलं ते कागदावर लिहावं. आई रडेल. रडू दे. तो कागद मॅचच्या आधी मैदानात मोठ्यानं वाचावा, मामा समोर उभे असताना. कुणी मध्ये कांदा आणू नये.

५. माझे बूट कुणालाच नाहीत.

हे वाचून मकदूम म्हणाला, "तू मरायची वाट बघत ह्यो कागद पेटीत पडला तर पोरीला काय उपेग?" खरं हाय. म्हणून याचा फोटो आजच अण्णांच्या फोनवर पाठवतो. जिवंत माणसाचं आमच्या घरात कुणी ऐकत नाही, मेल्याचं समजून वाचा.

साक्षीदार: मकदूम, मैंदर्गी (सही). शिवानंद, अक्कलकोट (सही).
लिहून ठेवणार: अमृत जोतीराम नवगिरे (सही. वाकडी आली, पण माझीच हाय).
मुक्काम सोहार, ता. ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार.

ता. क. आई, संस्कृतीला उद्याच सोलापूरला ने. तपासणीचा खर्च तुझ्याकडं ठेवलेल्यातनं कर. आज पाठवतोय ते पैसे मामाचे. पोरगी बाहेर बसली तर पहिलं बक्षीस जातं, अकरा हजार एक, असं तुम्ही अण्णांना म्हणालात ना मामा? ते बुडू नये. दिवाळीला न आल्यानं तिकिटाचे वाचले, त्यातनं देतो. रविवारी तुमच्या भाचीला घरी ठेवायचे, रोख, एक रुपया चढवून: रुपये अकरा हजार दोन फक्त.