अंधार बाबांच्या आवाजात बोलतो

९ ऑक्टोबर

बाबांकडे राहायला आले आणि उशाचा दिवा माझ्या घरीच राहिला! कपडे आणले, पुस्तकं आणली, दुकानात घालायच्या पांढऱ्या चपला आणल्या, नेमका दिवा विसरले. एकोणचाळीस वर्षांच्या बाईने बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला दिव्याशिवाय झोप येत नाही?

न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला, दार किलकिलं केलं. मध्येच बाबा उठले आणि बंद करून गेले. सकाळी म्हणतात, "वीज आपल्याला कुणी आंदण दिलेली नाही." घसा बसलेला, पण बोलण्याची चाल तीच. सपाट.

मी उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसले होते. दिवसभर औषधांच्या दुकानात उभ्या-उभ्या डुलक्या. एका आजींना झोपेच्या गोळ्या दिल्या तर त्या म्हणाल्या, "पोरी, यातली एक तूच घे."

१० ऑक्टोबर

दिवा घेतला. मुलांच्या सामानात तेवढा एकच मिळाला – पिवळं बदक. असू दे.

१४ ऑक्टोबर

इस्पितळ. डॉक्टर अगदी तरुण. बाबांनी दोन वाक्यं बोलायचा अवकाश, तो खुर्चीतून उठलाच. "थांबा, थांबा. तुम्ही ते व्हिडिओवाले लेक्टर ना? अहो, माझं अख्खं लहानपण तुमच्या आवाजात गेलं. सिनेमा कुठल्याही देशाचा असो, वरून सगळ्यांचं पोलिश भाषांतर तुम्हीच एकटे वाचणार. मारणाराही तुम्हीच, मरणारीही तुम्हीच."

"मरणारीचे वेगळे पैसे देत नव्हते," बाबा म्हणाले.

नर्स खुदकन हसली. मग डॉक्टर खाली बसला आणि त्याचा चेहरा बदलला. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज परत येणार नाही. काढलं तर एखाद-दोन वर्षं मिळतील, नाही काढलं तर काही सांगता येत नाही. पाच नोव्हेंबर ही तारीख ठरली.

"म्हणजे पहिल्या तारखेला बायकोच्या थडग्यावर जाऊन येता येईल," बाबा म्हणाले. "बरं झालं."

ट्राममध्ये बाबा खिडकीपाशी बसले, मी उभी. आणि मला हायसं वाटलं. इथे लिहूनच टाकते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. बापाचा आवाज जाणार आणि लेकीला हायसं वाटलं!

१५ ऑक्टोबर

रात्रीबद्दल दिवसाच लिहायचं असं ठरवलंय. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, गोदामात, औषधांच्या खोक्यावर बसून.

लेक्टरने नाटक करायचं नसतं. पडद्यावर बाई किंचाळते आहे, आणि त्यावर लेक्टर शांतपणे म्हणतो, "मला मारू नको." गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं. बाबा यात पहिल्या नंबरचे मानले जात. चोरून आलेल्या कॅसेटी आमच्याच घरी वाचल्या जायच्या. बैठकीच्या खोलीत खिडकीला जाड घोंगडी, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. सगळा अंधार. कागदांपुरता एक बारीक दिवा आणि समोर टीव्ही. आई नर्स, तिची रात्रपाळी. धाकट्या भावाचा, लेशेकचा, तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग मला ठेवणार कुठे? टेबलाखाली, उशी देऊन. बाबांना वाटायचं, पोर झोपली.

पोर जागी असायची. टेबलक्लॉथची कड वर करून सगळं बघायची.

त्यातला एक सिनेमा डोक्यातून गेलाच नाही. बाई घरात एकटी. दाराबाहेर काहीतरी आलंय आणि ते तिच्या नवऱ्याच्या आवाजात बोलतं. बाबांनी वाचलं – "दार उघड. मीच आहे." पुढे खरा नवरा येतो. बाबांनी वाचलं – "दार उघड. मीच आहे." मूळ सिनेमात दोघांच्या आवाजात काही फरक असेलही. आमच्या घरात नव्हता. ती चुकीच्या वेळी दार उघडते. सिनेमा संपला, बाबांनी टेबलाखाली वाकून बघितलं आणि त्याच आवाजात, बोग्नाचं लाडाने बोगुशा करून, म्हणाले, "बोगुशा, इकडे ये. दूध पिऊन घे."

मी गेले नाही. टेबलाचा पाय धरून बसले. शेवटी त्यांनी ओढून काढलं.

इतर पोरं अंधाराला भ्याली की बापाला हाक मारतात. माझी तिथेच पंचाईत झाली. माझा अंधारच बापाच्या आवाजात बोलायचा. अजून बोलतो. नवरा म्हणायचा, डॉक्टरला दाखव. नंतर तो उजेडाला कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला लागला, आणि नंतर दुसऱ्या घरी.

२१ ऑक्टोबर

दुपार.

काल रात्री हाक आली. "बोगुशा, इकडे ये." पुन्हा आली. मी बदकाकडे तोंड करून पांघरुणात. माझ्या दिव्याचा उजेड दारापर्यंतच पोचतो, पुढे लांबलचक बोळ आणि त्याच्या टोकाला बाबांची खोली. बोळातलं बटण त्यांच्या दाराशी आहे. घर बांधणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

मला वाटलं, डोक्यातली नेहमीचीच हाक आहे. बत्तीस-तेहतीस वर्षं ऐकतेच आहे. कान दाबून घेतले. मग हाक थांबली.

सकाळी बाबा न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीवर पडलेले. रात्रभर. पायजमा ओला, ओठ निळे पडलेले. खांदा सुजलाय. मला बघून फक्त म्हणाले, "फरशी फार गार आहे."

२२ ऑक्टोबर

लेशेकचा नॉर्वेहून फोन. त्याला सांगितलं, मला गाढ झोप लागली होती.

"बोग्ना, ऐक. तुला जमत नसेल तर तसं सांग. ऑपरेशननंतर त्यांना कुठल्यातरी चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. तिथे रात्री माणूस असतो."

"इथे मी आहे."

"तू आहेस गं. पण उठतेस का?"

"उठते."

"आत्ताच तर म्हणालीस, गाढ झोप लागली होती."

हा पोरगा लहानपणीही असाच होता, शब्दात पकडणारा. मी म्हटलं, यापुढे उठेन. बाबांना आश्रमाची धास्ती आहे. आत्या आश्रमातच वारली, आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. बाबांनी मला शपथ घातलीये – काहीही कर, मला तिथे टाकू नको.

तेव्हा आता प्रश्न एवढाच, की मी तो बोळ ओलांडते की नाही.

२७ ऑक्टोबर

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली. आता पाचलाच अंधार.

बाबा झोपल्यावर बोळात दिवा न लावता उभी राहून बघितलं. सराव! स्वतःचंच हसू आलं. मनात एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत टिकले. मग पळत खोलीत, आणि पायाचं बोट दाराला. बोट काळंनिळं झालंय.

१ नोव्हेंबर

आईच्या थडग्यावर. आज गेलेल्या माणसांना दिवे लावायचा दिवस, म्हणून सगळं शहर तिथेच, शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतले दिवे घेऊन. अंधार पडला तशी सगळी दफनभूमी लाल-पिवळी झाली. वर्षातली ही एकच संध्याकाळ मी बाहेर निर्धास्त फिरते. माणसं घाबरतात अशी जागा, आणि मला तिथे घरच्यासारखं वाटतं.

बाबा बाकावर बसले. आता ते जवळजवळ कुजबुजतच बोलतात. मी विचारून टाकलं.

"तुम्हाला नाही वाटायची भीती? ते सिनेमे वाचताना?"

"मी पडद्याकडे बघत नसे. कागद बघायचो. बघितलं असतं तर चुकलो असतो."

"मी बघायचे."

"तू झोपलेली असायचीस."

"जागी असायचे, बाबा."

त्यांनी काडी ओढली, वाऱ्याने विझली, दुसरी ओढली. दिवा लागल्यावर झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि मी पडलो त्या रात्री?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. समोर आईचं नाव. म्हटलं, "जागी होते."

"ऐकू आलं?"

"आलं."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं, आवाज पोचतच नाही आता," म्हणाले. "पोचत होता तर."

रागावले असते तर परवडलं असतं. घरी येईपर्यंत मी रडत होते. त्यांनी ट्राममध्ये मला रुमाल दिला. मग बीटाचं सूप गरम केलं आणि दोघं प्यायलो.

४ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. संध्याकाळी लेशेकला फोन केला, दोघं फुटबॉलवर बोलले. शेजारच्या झोफियाबाई केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं काहीतरी छान बोला हो, माझ्यासाठी." बाबांनी केकच्या खोक्यावरचं सगळं वाचून दाखवलं – साखर, मैदा, अंडी, उन्हापासून दूर ठेवा. त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

मला वाटत होतं, मलाही काही म्हणतील. मी त्यांच्या दाराशी रेंगाळले. ते पलंगावर बसलेले, पायमोजे काढत.

"दिवा लावून झोप," म्हणाले. "मी बंद करणार नाही."

५ नोव्हेंबर

झालं. डॉक्टर म्हणतो, नीट झालं. बाबा माझ्याकडे बघून ओठ हलवत होते आणि मला काही कळत नव्हतं.

१९ नोव्हेंबर

बाबा घरी. गळ्यात नळी, ती साफ करायला मला शिकवलंय. पहिल्यांदा मळमळलं, आता जमतं. बोलायला पाटी. पाटीवर पहिलं वाक्य: "सूप कुणी केलं? मीठ कुठाय?"

रात्रीसाठी पितळी घंटी आणली. आणि खरंच सांगते – जमतंय! घंटी वाजली की मी उठते, मोबाईलचा उजेड पुढे धरून धावत जाते, बोळातला दिवा लावते, त्यांचा लावते, सगळं घर लखलखीत. घंटीला कुणाचा आवाज नाही. घंटीची भीती वाटत नाही. लेशेकला कळवलं. तो म्हणाला, "वा, शाबास." कधी नव्हे ते.

२५ नोव्हेंबर

दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. तरी काही लिहीत नाहीत पाटीवर. डोळ्यांवर हात घेतात.

३० नोव्हेंबर

हाका पुन्हा सुरू झाल्या. ऑपरेशननंतर थांबतील अशी माझी खात्री होती. उलट रोज. "बोगुशा, इकडे ये." पूर्वीच्याच स्वच्छ आवाजात, घसा बसण्याआधीच्या.

पण आता एक बरं आहे. आता घोळ नाही. बाबांना आवाजच नाही, म्हणजे हाक आली तर ती बाबांची असूच शकत नाही. आधी हे ओळखता येत नव्हतं, म्हणूनच ते जमिनीवर पडून राहिले. आता नियम सोपा – घंटी म्हणजे बाबा, हाक म्हणजे माझं डोकं. हाकेला कान दाबायचे. घंटीला उठायचं.

आयुष्यात पहिल्यांदा त्या सिनेमातल्या बाईपेक्षा माझी सोय चांगली आहे.

३ डिसेंबर

तपासणी. डॉक्टर तरुण आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. कॅन्सर फुफ्फुसात उतरलाय. "नाताळपर्यंत तरी?" मी विचारलं. तो कागद नीट लावत बसला.

बाबांनी पाटीवर लिहिलं: "घरीच."

मी म्हटलं, घरीच.

७ डिसेंबर

बर्फ. झोफियाबाई दुपारी बसतात, म्हणून मला दुकानात जाता येतं. बाबा दिवसभर झोपतात. हात एवढे बारीक झालेत, की पाटी मांडीवरून घसरते. घंटी आता उशीशेजारी ठेवली आहे.

रात्री घंटी नाही. हाका मात्र भरपूर. तीन-तीन, चार-चार वेळा. कान दाबून दाबून दुखतात.

९ डिसेंबर

घंटी नाही. शांत झोपतात, म्हणजे बरंच आहे.

११ डिसेंबर

बाबा गेले. उजाडायच्या आधी.

घंटी वाजली नव्हती. हाकच आली. नियमाप्रमाणे कान दाबायला हवे होते. का उठले, माहीत नाही. मोबाईल हाताला लागला नाही, शोधायला थांबले नाही, तशीच भिंत चाचपत गेले. खोलीत मिट्ट काळोख. घंटी उशीशेजारी, मी ठेवली होती तिथेच. हात उचलायची ताकद त्यांच्यात राहिलीच नव्हती. चेहरा शोधताना माझी बोटं त्यांच्या ओठांवर पडली. ओठ हलत होते. जरा वेळ बोटं तशीच ठेवली तेव्हा कळलं, माझं नाव आहे. मी म्हटलं, "आले, बाबा." मग ओठ थांबले. हात धरून शेवटपर्यंत बसले. दिवा लावायचं सुचलंही नाही.

याआधी किती रात्री ते ओठ असे हलत होते, हे आता कुणाला विचारणार?