तांबडीने पिसं टाकली तेव्हा

४ ऑक्टो.
ऑफिसातून आले तर अंगणभर पिसं. तांबूस, तपकिरी, दोन-चार लांब, बाकी नुसती लव. मुंगूस शिरलं असं वाटलं. खुराड्यात वाकून पाहिलं. चौघीही जिवंत. काळी, कवडी, लहान तलंग, आणि कोपऱ्यात तोंड घालून तांबडी. तिची मान उघडी पडलीय, आतली गुलाबी कातडी दिसते.
विमलला फोन लावला, कोंबड्या तिच्याच. उचलला नाही. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी भाचा नाशिकला घेऊन गेला, तेव्हापासून तिकडेच. जाताना म्हणाली होती, कोंबड्यांचं काही अडलं तर विचार. अजून काही अडलं नव्हतं. म्हणून मी विचारलं नव्हतं.

५ ऑक्टो.
सखू सकाळी भांडी घासायला आली ती तांबडीला बघून हात धुऊन लांबच उभी राहिली. "बाई, हिला रोग हाय. आजच काप, नाय त समद्या जातील." खोडाळ्याकडे तिचं गाव. मागल्या उन्हाळ्यात तिथे मर आली, तिच्या घरी एक कोंबडी राहिली नाही. तिला वेड्यात काढायची हिंमत झाली नाही. संध्याकाळपर्यंत थांबू म्हटलं, तांबडीला डालग्याखाली वेगळं ठेवलं.
दिवसभर टेबलावरच्या फायलीत लक्ष नाही.
संध्याकाळी वि.चा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि शाळेत विचारायची तसं एकेक विचारलं. शी हिरवी आहे का? नाक गळतंय? मान वाकडी करते? दाणा टिपते? मी फोन कानाला लावून अंगणात शी बघत फिरले. सगळं ठीक. मग हसली.
"अगं लते, पिसं टाकतेय ती. पाऊस सरला, दिवस लहान व्हायला लागला की जुनी टाकायची, नवी घालायची. दर वर्षीचं आहे. तुला माहीत नाही?"
नाही माहीत. नातं ना गोतं, वीस-बावीस वर्षं एका घरात काढली. दर वर्षी या दिवसांत अंगण असंच भरत असणार, आणि मी उठायच्या आत ती झाडून टाकत असणार.
तरी 'आता ठेवते' म्हणाली नाही बराच वेळ.

९ ऑक्टो.
आता रोज फोन. विषय तांबडी.
वि. म्हणते, क्रम ठरलेला असतो. आधी डोकं नि मान, मग छाती, पाठ, पंख, शेपूट शेवटी. तांबडी मुळातली आळशी, सगळ्यांच्या आधी सुरू करते आणि रेंगाळत बसते. अंडीही तशीच देते. काळी चांगली. ती थंडी पडेपर्यंत अंडी देईल, मग एकदम उघडी होईल आणि लवकर भरून निघेल. तलंगीला यंदा काही नाही, तिचं पहिलंच वर्ष.
कवडीचं विचारलं तर म्हणाली, "ती म्हातारी. तिचं ती ठरवेल."
कवडी तिची लाडकी. मोखाड्याच्या शाळेवर होती तेव्हा एका मुलाच्या आईने ओंजळीतून दिलेलं पिल्लू.

१३ ऑक्टो.
रविवार. शिरपामाळाला पायी जाऊन आले. गाड्याच गाड्या, मुंबईचे लोक फोटो काढत होते. एका बाईने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. सगळे मावावेत म्हणून मागे मागे सरकत गेले. काढून दिला. आज दिवसभरात बोलणं झालं ते एवढंच.
घरी येऊन तांबडीला उचललं, मांडीवर घ्यावं म्हणून. अशी किंचाळली की हातातून सुटली. मानेवर निळसर काटे आलेत, बारीक बारीक.
वि. रागावली. ते काटे म्हणजे नवी पिसं, आत रक्त असतं, दाबलं की कळ जाते. "आता हात लावायचा नाही कोणाला. जवळ बस हवं तर. आणि जवळा घाल भिजवून. पिसं काय हवेतून येतात?"

१७ ऑक्टो.
बाजारातून सुका जवळा आणला. घरभर वास. मी खात नाही. वि. असताना ती मागच्या दारी भिजवायची, मला वास नको म्हणून. आता मीच भिजवते, स्वयंपाकघरात.
अंडी बंद होत आली. फक्त काळीचं.

२५ ऑक्टो.
आज वि. कोंबड्यांवरून स्वतःवर आली. पाचव्या मजल्यावर घर. सगळं जागच्या जागी. भाचेसून चांगली, हातात ताट आणून देते. सकाळी सगळे गेले की दाराला बाहेरून कुलूप. हिला चालताना तोल जाईल म्हणून. "गैरसोय काही नाही गं," म्हणाली. मग, "फक्त मला कोणी काही विचारत नाही."
मी तांबडीच्या पंखांचं सांगितलं.

३१ ऑक्टो.
दिवाळीला येणार होती. भाचा म्हणाला घाटातला रस्ता खराब आहे, टाक्यांना धक्के नकोत. बरोबरच आहे त्याचं. चकलीची भाजणी करून ठेवली होती. भावाचा कल्याणहून फोन, ये म्हणून. कोंबड्यांचं कोण बघणार म्हटलं. खरं म्हणजे सखूने बघितलं असतं.
तिथे गेलं की सगळे आवाज खाली करून बोलतात. एकटी राहते म्हणजे आजारी असल्यासारखं.

१० नोव्हें.
सखू निघाली. कापणी-झोडणी झाली, घरचे सगळे जगायला भिवंडीकडे, वीटभट्टीवर. पाऊस पडायच्या आत येते म्हणाली. जाताना तांबडीसमोर बसली. मानेवर नवी पिसं, तेल लावल्यासारखी. "जगली की गं तुझी रोगाची," म्हणाली, आणि माणसाशी बोलावं तसं तिच्याशी बरंच काही बोलली, त्यांच्या भाषेत. मला अर्धंच कळलं.
समोर सखूच्या दाराला कुलूप. आता ओळीत माझ्याच घरात दिवा.

२४ नोव्हें.
वि.चं तंतोतंत. काळी मागल्या आठवड्यापर्यंत अंडी देत होती, आज जवळजवळ नागडी. पाठीवर नुसते काटे, शेपूट नाही. कोणी बघू नये म्हणून की काय, कर्दळीमागे उभी राहते.
कवडीचीही सुरू. मान नि छाती.
थंडी खूप. खुराड्याला गोणपाट बांधलं.

२ डिसें.
काळी भरतेय. कवडी रेंगाळतेय. वि.ला सांगितलं. म्हणाली, वय झालं, वेळ लागेल, हात लावू नको तिला. नाही लावला.

८ डिसें.
कवडी गेली.
सकाळी गोणपाट बाजूला केलं तर पाय दुमडून बसलेली, डोकं खाली. उचललं तेव्हा कळलं. काही वजनच नाही. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं. पिसं टाकणारी कोंबडी थोडी उतरते, पण अशी नाही. हे आतून कधीपासून चाललं होतं कोण जाणे. वरून पिसं गळताना दिसत होती, म्हणून मी समजून चालले. एकदा हात फिरवला असता तर…
मागच्या कुंपणाशी पुरली. जमीन कडक, कुदळ लागत नव्हती.
संध्याकाळी वि. म्हणाली, कवडी कशी आहे? मी म्हटलं, तशीच.

९ डिसें.
'हात लावू नको' तिनेच सांगितलं होतं. आता खरं सांगितलं तर दोष तिच्यावर जाणार, आणि ती तो घेणार. कुलूप लावलेल्या घरात दिवसभर तेच घेऊन बसणार. म्हणून नाही सांगितलं.
असं मी म्हणते. की फोन बंद होतील ही भीती?

१५ डिसें.
'कवडी खाते का?' खाते.
'काटे आले का?' येतायत.
आज पंखांचंही सांगितलं. रंगासकट.

२१ डिसें.
वि.ने आज कोणाचंच विचारलं नाही. नाशिकच्या थंडीचं बोलली, सुनेच्या नोकरीचं. मग सहज म्हणाली,
"कवडी कधी गेली?"
मी तांबडीचं काढलं.
"तू आपणहून तिचं नाव घेत नाहीस, लते. तांबडीचं न विचारता सांगतेस. कवडीचं विचारल्यावर."
सगळं सांगितलं. वजन, हाड, कुंपण. ती म्हणाली, हात लावू नको हे माझंच, मी तिथे असते तर रोज संध्याकाळी उचलून पाहिलं असतं, पिसं असोत नसोत. मला तिला अडवायचं होतं. त्याआधीच 'बरं, ठेवते' म्हणाली.

२६ डिसें.
फोन नाही. मी केला, वाजून बंद झाला.

३० डिसें.
नाही.
तलंग, तांबडी, काळी. तिघींना रोज मावळतीला उचलते. छातीवर बोटं फिरवते. तांबडी आता कुरकुरत नाही, पिसं पक्की झालीत. काळी चकाकते. ऑफिसात कोणी विचारलं कशा आहात, तर छान म्हणते.

४ जाने.
काळीने अंडं दिलं. सांगायला कोणी नाही. उकडून खाल्लं, मीठ जास्त झालं.

७ जाने.
मीच पुन्हा फोन केला. या वेळी उचलला. अंड्याचं सांगितलं. "दिलं ना?" म्हणाली, आवाज बसलेला. रडून की सर्दीने, विचारलं नाही. मग दोघींजवळही सांगण्यासारखं काही उरलं नाही. कोंबड्या बऱ्या आहेत. तीनेक महिने आम्ही त्यांच्यावरच बोलत होतो.
मी म्हटलं, "विमलताई, परत येतेस का?"
ती ऑपरेशनला गेली, मागून सामानही गेलं. इतक्या दिवसांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला तिचे लोक आहेत, आपण कोण विचारणारे, असं धरून.
तिकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.
"तू विचारशील असं वाटलं नव्हतं," म्हणाली. हो की नाही ते म्हणाली नाही. मीही फोन ठेवला नाही, तीही.

११ जाने.
वि.चा फोन, भरदुपारी, मी ऑफिसात. भाच्याशी बोलली का ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की संडास अजून अंगणापलीकडेच ना, आणि खाली बसायचाच ना. हो म्हटलं. "गुडघे वाकत नाहीत आता," म्हणाली.
सुटल्यावर तशीच घरमालकाकडे गेले. त्याला घेऊन आले, मागच्या खोलीचा कोपरा दाखवून म्हटलं, इथे एक कमोड बसवून घेते, खर्च माझा. तो म्हणाला, पाइप कुठून काढणार, भिंत फोडावी लागेल, बघू, मुलाला विचारतो. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पण बाई, तुम्ही तर एकट्याच आता. मग कोणासाठी?"
अजून ठरायचंय म्हटलं. भिंतीचं तेवढं विचारून ठेवा.