तळातली ओळ

ती. बाबा,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे?

धाकटीनं माझ्यासारखा इतिहास घेऊ नये म्हणून, तुम्ही सांगितलंत तशी तिची समजूत घातली. आमच्या ऑफिसात शैक्षणिक कर्जं देताना वापरतो तो तक्ताच पाठवला: कुठल्या पदवीला किती पगार, किती हप्ता. इतिहास अगदी तळाला आहे. माझा निम्मा पगार हप्त्यात जातो. तुम्हाला पाव सांगितला होता, रागावू नका.

तिनं एवढंच विचारलं, "ताई, पुन्हा बारावी झालीस तर काय घेशील?"

'इंजिनिअरिंग' म्हणायला तोंड उघडलं, आणि 'इतिहासच' म्हणून गेले.

दमलेय बाबा, तरी खोटं बोलवलं नाही. घेऊ द्या तिला इतिहास. कर्जाच्या फॉर्मवर जामीनदार म्हणून माझं नाव लिहा.

तुमची,
थोरली