काहीच न विचारणारा टूरवाला

भिवंडी, शुक्रवार, १० ऑगस्ट २००७

आज कापडाचे लूम बंद, म्हणून रफिकच्या घरी बसून किलिमांजारोसाठी टूरवाला ठरवायचा होता. पंधरा वर्षं आम्ही माहुलीगड एकत्र चढतोय. आफ्रिकेतला हा डोंगर त्याचंच स्वप्न. पुण्याची कंपनी आठ दिवसांत चढवते, पण फॉर्ममध्ये विचारते, दम्याचा त्रास आहे का? मुंबईचा टूरवाला पाच दिवसांत नेतो आणि काहीच विचारत नाही.

"मुंबईवालाच बरा," रफिक म्हणाला. "उगाच चौकशा नाहीत."

गेल्या वर्षी माहुलीच्या शिडीखाली त्याचे ओठ निळे पडले होते. दम्याचा पंप ओढून म्हणाला, "घरी बोलू नकोस यार." मी बोललो नाही. चुकलंच का माझं? ते निळे ओठ डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

"पुण्याचा फॉर्म भर आणि खरं लिही," मी म्हणालो. "नाहीतर मी येत नाही."

"मग मी एकटा जाईन."

तेवढ्यात त्याची बायको, शबानाभाभी, चहा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रफिक उठून आतल्या खोलीत गेला.

भाभी मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. "कब से मालूम है आपको?"

"एक वर्ष," मी पायऱ्यांकडे बघत म्हणालो.