मोटर थंडच आहे

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस ताईचे अ. उ. आ.

तू आप्पांसाठी बसवलेल्या टबातलं पाणी फिरवणारी मोटर पुन्हा बंद पडली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपलं दोन वाक्यांत वाजतं, म्हणून हे पत्र.

तू सांगितलास तसा कपॅसिटर बदलला. काही दिवस बरे गेले आणि मग ये रे माझ्या मागल्या. मी आप्पांना बाहेर आणून टबाशेजारच्या खुर्चीत बसवते, टॉवेल आणायला आत जाते, परत येते तो मोटर गप्प. मग आप्पा म्हणतात, राहू दे आज. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं आहे की डावा पाय आत्ताच कोमट पाण्यात हलला तर हलला, नाहीतर कायमचा आखडेल. तो आखडला तर मी कुणाला दोष देऊ? हॉटेलांचे तलाव तू चालते ठेवतोस, आणि बापाचा एवढासा टब चालेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लोभ आहेच, तो वाढवायला एकदा येऊन जा.

तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मोटर जुनी घेतली, स्वस्तात मस्त म्हणून, ते मला तेव्हापासून टोचतंय. आप्पांच्या पायाशी मी काटकसर केली.

आता एवढं बघ. मोटरीखाली ओल असेल तर सील गळतंय. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बेअरिंग धरलंय. तापून बंद पडत असेल तर तिच्यावर हात ठेववणार नाही, पण भिंतीवरच्या ब्रेकरचा खटका मात्र वरच राहील, पडणार नाही. सध्या गिऱ्हाइकांची गर्दी आहे, रजा मागायची सोय नाही. काय ते कळव, नवी मोटर पाठवतो. तुझी कंबर कशी आहे?

राग असला तरी लोभ असू दे.

टिल्लू

ता. १७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अ. उ. आ.

खाली हात फिरवून पाहिला, कोरडं ठणठणीत. गुणगुणणं नाही. मोटर बंद पडल्या पडल्या हात लावला, तर थंड. दरवेळी पडलेला असतो तो भिंतीवरचा ब्रेकर. गंमत म्हणजे आप्पा बाहेर नसताना टब चालवला की सकाळभर बिनतक्रार चालतो. मोटरीचं आप्पांशीच वाकडं असावं. ते बिचारे शेजारच्या खुर्चीत बसून उलट मलाच धीर देतात.

मी ठणठणीत आहे, सारखं विचारू नकोस. विचारपूस पुरे, मोटरीचं बघ.

ताई

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मोटर थंड, सील कोरडं आणि ब्रेकर पडलेला. मग मोटरीत काही बिघाड नाही.

धोका वाटला तर आप्पांना बंद करता यावा म्हणून तो ब्रेकर मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीच्या उंचीवर बसवला. त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की तो पडतो. अधूनमधून दाबून तपासत जा, हे त्यांना शिकवलंही मीच. उद्या टॉवेल आणायला जा आणि खिडकीतून बघ. काहीही दिसलं तरी रागावू नकोस.

टिल्लू

ता. १ मार्च

चि. टिल्लूस अ. उ. आ.

पाहिलं. इकडेतिकडे बघत, शाळेतल्या पोरासारखं, काठीच्या टोकाने बटण दाबलं त्यांनी.

रागावू नकोस म्हणालास, पण मी तोंडाला येईल ते बोलले. माझे कष्ट, तुझे पैसे, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की मला टबात उतरवताना तू ओठ दाबून धरतेस, तुझ्या कमरेचा पट्टा मला दिसत नाही का? आणि ओले कपडे लेकीने बदलावेत, याची लाज रोज गिळता येत नाही. त्यापेक्षा पाय आखडलेला बरा.

पट्ट्याचं तुला लिहिलं नव्हतं. तू इतक्या हौसेने टब बसवलास, नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. आता बोललेले शब्द मला परत घेता येत नाहीत.

ताई

ता. ७ मार्च

ती. आप्पांस टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

ताईवर रागावू नका, अपराधी मी आहे. महिनाभर सील विचारलं, बेअरिंग विचारलं. तुम्हाला त्या टबात कसं वाटतं, एवढं मात्र विचारलं नाही. टब बसवला आणि सुटलो असं समजून गाडीत बसलो.

मी येतो. पाण्यात तुमच्याबरोबर मी उतरेन, कपडेही मीच बदलेन. माझे तुम्ही काय कमी बदललेत? पुढेही माणूस ठेवू, पण आधी मी. लवकरच येतो. तोवर बटण दाबू नका.

आशीर्वाद असावा, लायक नसलो तरी.

टिल्लू

ता. १३ मार्च

चि. टिल्लूस अ. उ. आ.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं, मध्येच थांबून डोळे पुसले. तिच्यावर माझा राग नाही, तसं तिला सांगितलं. पट्टा आता लपवत नाही, उघड बांधते. आज तिने मोटर लावली आणि मी नुसता ऐकत बसलो. छान चालते. तुझ्या कामात खोट नाही.

येतो लिहिलंस, आनंद वाटला. पत्र दोनदा वाचायला लावलं, पण तारीख कुठे सापडली नाही. लवकर म्हणजे कधी, ते कळव. खुर्ची मी हलवलेली नाही, बटण अजून हाताशीच आहे.

तुझे आप्पा