बिनसूर्याच्या गावातली द्वादशी

बेडोक, सिंगापूर
१९ नोव्हेंबर २००१

ती. ताईस,
हेमचंद्राचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या घरी यंदा दिवाळी नाही हे ठाऊक असूनही विनीताने तुझ्या नावाच्या चकल्या बाजूला काढल्या होत्या. तुझा प्रतिनिधी म्हणून त्या मी खाल्ल्या.

आता मुद्दा. आमच्या मराठी मंडळातले अकराजण जानेवारीत नॉर्दर्न लाइट्स पाहायला नॉर्वेला निघाले आहेत. ट्रोम्सो नावाचं गाव, पाच दिवसांची सहल. आभाळात हिरवे पडदे हलतात म्हणे. परवा सेंगकांगला एका फ्लॅटमध्ये एसी पूर्ण जोरात लावून, जाड कोट आणि बूट चढवून आमची रंगीत तालीम झाली. डिलिव्हरीवाला दार उघडल्यावर दोन पावलं मागे सरला.

बारावी जागा मी तुझ्या नावाने धरली आहे. विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. विश्वासराव गेल्यापासून तू कोपऱ्यावरच्या वाचनालयापलीकडे गेलेली नाहीस, असं शैलेंद्र फोनवर सांगत होता. त्यांचं वर्ष डिसेंबरात होतं आहे, म्हणून मुद्दाम जानेवारी धरला. आधी सिंगापूरला ये, इथून सगळे मिळून निघू.

लोभ असावा, राग आला तर तोही सविस्तर कळवावा.

तुझा,
हेमचंद्र

पुणे
३० नोव्हेंबर २००१

चि. हेमचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

राग सविस्तर कळवते. संस्कृतात पहिला आलेला माणूस पंचांग उघडायचं विसरला. यंदा अधिक अश्विन होता, महाराज. तारखेने वर्ष डिसेंबरात होईल, तिथीने पुढे जानेवारीत जाईल. यांची तिथी मार्गशीर्ष वद्य द्वादशी, म्हणजे दहा जानेवारी. त्या दिवशी तू मला बर्फात उभी करणार होतास. अधिकस्य अधिकं फलम्, ते हे असं.

तेव्हा ती जागा दुसऱ्या कुणाला दे. शैलेंद्रला मी काही बोलले नव्हते, तरी तोच म्हणाला, श्राद्ध मी करीन, तू जा. सगळ्यांनी मिळून मला घराबाहेर काढायचा कट केलेला दिसतो.

तुझ्यापासून काय लपवायचं? थंडीला मी भीत नाही. मला भीती आहे ती तिथे जाऊन मी हसेन याची. वर्षभर हे घर मी जपून शांत ठेवलं आहे. एकदा हसले की हे खरोखरच गेले असं होईल.

विनीताला आशीर्वाद. चकल्या पचल्या असाव्यात.

तुझी,
ताई

बेडोक
१० डिसेंबर २००१

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

अधिक महिना विसरलो, हा गुन्हा कबूल. पण आरोपीलाही एक मुद्दा मांडू दे. त्या गावी सूर्य नोव्हेंबरअखेर बुडतो तो जानेवारीच्या मध्यालाच वर येतो. उदयात तिथी धरायची म्हटलं तर जिथे उदयच नाही, तिथे द्वादशी लागणार कधी? माझ्या मते ट्रोम्सोत तुझं वर्ष संपतही नाही आणि उरतही नाही. शास्त्रकार तिथवर गेलेच नव्हते, हा त्यांचा दोष.

तू लिहिलेल्या भीतीवर मात्र माझ्याकडे शास्त्र नाही. एवढंच आठवतं, की तू हसावीस म्हणून विश्वासराव एकच विनोद वीस वर्षं सांगत होते आणि तू दर वेळी हसत होतीस.

आता एक लाजिरवाणी बातमी. आमच्या बँकेत वर्षअखेरचं ऑडिट आहे. साहेबांनी माझी रजा रद्द केली. तुला ढकलून मीच काठावर राहिलो. विनीता जाते आहे. वन्सं नाही आल्या तर मीही बूट परत करते, असं तिने जाहीर केलं आहे.

उत्तर नको, तिकीट घेऊन ये.

तुझा,
हेमचंद्र

ट्रोम्सो
११ जानेवारी २००२

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझा शास्त्रार्थ कच्चा होता. श्राद्धाची तिथी उदयात नाही, अपराह्णात बघतात. मी त्या युक्तिवादावर आले नाही. शैलेंद्र म्हणाला, बाबा जेवायला कधी वेळेवर आले नाहीत, तू नाहीस म्हणून ते खोळंबणार नाहीत. मग बॅग भरली.

काल द्वादशी. तिकडे पुण्यात त्याने श्राद्ध केलं. इथे दुपारी आभाळ नुसतं निळसर होतं, बस. विनीताने आणलेल्या छोट्या कुकरमध्ये भात लावला. त्यावर तूप घातलं आणि धक्क्यावर कागदी ताटलीत घास ठेवला. मंडळी कौतुकाने लांब उभी राहिली. मला वाटलं होतं, इथे कावळा कुठला यायला. आला. आणि हेमचंद्र, तो काळा नव्हता. डोकं, पंख काळे आणि अंगात करडा स्वेटर, बिनबाह्यांचा. यांचा होता तसाच, उन्हाळ्यातही उतरवायचे नाहीत तो. इथले सगळे कावळे असेच असतात, असं विनीताने नंतर सांगितलं. नंतर सांगितलं हे बरं केलं.

तो कठड्यावर बसला, घासाला काही शिवेना. मी रीतीप्रमाणे म्हटलं, शैलेंद्रला सांभाळीन. ढिम्म. घर नीट ठेवीन म्हटलं, त्याने मान फिरवली. बोटं गारठली होती. शेवटी म्हणाले, "अहो, संध्याकाळी मी दिवे बघायला जाणार आहे. आणि आवडले तर हसणार आहे."

तो उतरला, भाताचा गोळा चोचीत धरला आणि वर न बघता गेला. जेवताना बोलायची सवय यांना नव्हतीच.

संध्याकाळी दिवे दिसले. हिरवे, वाळत घातलेल्या नऊवारीसारखे वाऱ्यावर हलणारे. सेंगकांगची छोटी क्षिप्रा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "मावशी, सो नाइस लाह!" आणि माझा पाय घसरून मी बर्फात बसले. विनीता धावली. तिला वाटलं मी रडते आहे.

सिंगापूरला परतले की तुला यांचा तो विनोद सांगेन. तुला आठवत असला तरी ऐक.

माया आहेच, ती ऑडिटला दाखवू नकोस.

तुझी,
ताई