हादऱ्यानंतरची विहीर

वनमालास,

केजहून अंगदचा निरोप. मी धडधाकट हाय. फोन विहिरीत पडला, म्हणून गावाकडं निघालेल्या माऊलीच्या हाती चिठ्ठी धाडतोय. आईचे गुडघे कसे हायत? तेजश्री शाळेत जाती ना?

काल दुपारी बिभीषण आन् मी विहिरीच्या तळाला खोदत होतो. एकदम जमीन गुरगुरली, कडेचे दगड सुटले. भूकंपाचा हादरा! बिभीषणला आधी दोरानं वर धाडलं. तेवढ्यात खडकाच्या भेगेतनं गढूळ पाणी घुसलं. दोर परत खाली येईस्तोवर ते माझ्या कमरेला लागलं होतं. आईला यातलं काही सांगू नको.

मालक लई खूश. म्हणाले, "झरा फुटला! उद्या उतरा."

आज भूजल खात्याच्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "हादऱ्यानं खडकातल्या भेगा मोकळ्या झाल्या, म्हणून पाणी आलं. पण कडाही ढिल्या झाल्यात. कुणी उतरू नका."

आमी मालकाला उतरायला न्हाई म्हणालो. मालकानं दुसरी माणसं बोलावलीत, उद्या सकाळच्या जीपनं येणार हायत. बिभीषण घरी चल म्हणतोय. मला बी यावं वाटतंय, वनमाला. पण त्या माणसांना गाठून सगळं सांगितल्याबिगर माझा पाय निघायचा न्हाई.

तुझा,
अंगद